दारात दोन एमएक्स-५: एक १९९१ ची, एक २०१९ ची

“जुन्या गाडीची मजा नव्या गाडीत नाही राव” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, कधी कधी तर अशा माणसाकडून की ज्याने दोन्हीपैकी एकही चालवलेली नाही, की शेवटी म्हटलं एकदा नीट बसून लिहूया, कारण माझ्याकडे दोन्ही आहेत. माझदा एमएक्स-५. एक १९९१ ची, एक २०१९ ची. इथे इंग्लंडमध्ये डर्बीत घरासमोर एकामागे एक उभ्या असतात, जुनी आत आणि नवी बाहेर, म्हणजे जुनी काढायची तर आधी नवी हलवावी लागते, आणि तरीसुद्धा सुट्टीच्या सकाळी हात कुठल्या किल्लीकडे जाणार हे आधी ठरलेलं नसतं.

घरच्या लोकांसाठी थोडं सांगतो, कारण माझदाच्या गाड्या भारतात विकायला नाहीत आणि आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर फोटो टाकला की पहिला प्रश्न “ही कुठली रे?” हाच असतो. दोन सीटं, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. बस, एवढंच. लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या मापातली. आपल्याकडे ह्या जातीचं म्हणाल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते, फायबरच्या बॉडीची दोन सीटर, पण तिचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं त्यामुळे चालवायला गोष्टच वेगळी.

ह्या गाडीची जन्मकथा मला फार आवडते. बॉब हॉल नावाचा एक अमेरिकन मोटार पत्रकार, त्याने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगितलं की ब्रिटिश लोक बनवायचे तशी हलकी, साधी, उघड्या छपराची गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. हे यामामोतो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन ज्यांनी उभं केलं ते. हॉल नंतर माझदाच्या कॅलिफोर्नियाच्या ऑफिसातच नोकरीला लागला, आणि पुढे टोकियो आणि कॅलिफोर्नियाच्या डिझाइन टीममध्ये कंपनीने चुरस लावली तेव्हा टोकियोकडून पुढच्या चाकांवर चालणारी आणि मधे इंजिन असलेली अशी डिझाइनं आली, पण जिंकली कॅलिफोर्नियाची, पुढे इंजिन आणि मागे ताकद. समोर आदर्श होता १९६२ च्या लोटस एलान ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा. गंमत म्हणजे पहिला चालता नमुना बनला तो इथेच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला, आयएडी नावाच्या कंपनीत. मग तोशिहिको हिराई प्रमुख झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या शोमध्ये गाडी जगासमोर आली. तोपर्यंत एमजी-बी ही तशीच ब्रिटिश गाडी बंद होऊन आठएक वर्षं झालेली, म्हणजे ब्रिटिशांनी सोडून दिलेली जागा रिकामीच होती. २२ एप्रिल २०१६ ला दहा लाखावी गाडी बाहेर पडली, दोन सीटर स्पोर्ट्स कारमध्ये एवढ्या कोणाच्याच विकल्या गेल्या नाहीत.

पहिल्या पिढीला एनए म्हणतात, मग एनबी, एनसी, आणि आत्ताची चौथी ती एनडी. माझी एनए मुळात जपानमध्ये विकलेली, तिथे हिचं नाव युनोस रोडस्टर होतं, नंतर कोणीतरी इकडे आणली. इथे अशा इम्पोर्ट भरपूर आहेत आणि माझ्या मते घेताना त्याच बघाव्यात, कारण इथल्या गाड्यांनी इतके हिवाळे रस्त्यावरच्या मिठात काढलेत की बोलता सोय नाही.

आता आकडे बघा, कारण आकड्यांनीच मला पहिल्यांदा चक्रावून टाकलं. जपानी कागदांप्रमाणे सुरुवातीच्या साध्या एनएचं वजन ९४० किलो आणि एनडीच्या साध्या मॉडेलचं ९९० किलो. पंचवीस-सव्वीस वर्षांत एअरबॅग आल्या, एबीएस आलं, स्टॅबिलिटी कंट्रोल आलं, स्क्रीन आली, गाडी रुंद झाली, आणि एवढं सगळं होऊन फरक फक्त ५० किलोचा. लांबी तर उलट कमी झाली, एनए ३९७० मिलिमीटर आणि एनडी ३९१५. ज्या काळात प्रत्येक गाडी पिढीगणिक फुगत गेली त्या काळात हिरोशिमाच्या इंजिनिअर लोकांनी हे केलंय, आणि हे दिसत नाही, ब्रोशरमध्ये चमकत नाही, पण ग्रॅम ग्रॅम वाचवत बसल्याशिवाय हे होत नाही. मला स्वतःला हे हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं.

आणि ताकद? माझ्या युनोसमध्ये १.६ लिटरचं इंजिन, नवीन असताना १२० पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). माझ्या एनडीत १.५ लिटर, १३२ पीएस. बस. शून्य ते शंभर गाठायला नवीला साधारण सव्वाआठ सेकंद आणि जुनीला त्याहून जरासाच जास्त वेळ. म्हणजे जवळजवळ तीन दशकांनी नवी आली आणि कागदावर दोघी बहिणी बहिणीच राहिल्या. म्हणून तर ही तुलना करण्यात अर्थ आहे, नाहीतर ३०० हॉर्सपॉवरच्या नव्या गाडीशी जुनीची काय तुलना करणार.

पण चालवायला बसलं की...

आमच्याकडून वर निघालं की क्रॉमफर्डपासून ए५०१२ चा रस्ता सुरू होतो, व्हिया गेलिया म्हणतात त्याला, एका बाजूला झाडीने भरलेला डोंगर आणि रस्ता एवढा वळणावळणाचा की आपल्या गगनबावड्याची आठवण येते. ह्या रस्त्यावर जुनी गाडी ६० किलोमीटरच्या वेगाने चालवताना जेवढी कामं असतात तेवढी नवीला ८०-९० ला असतात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर सांगतो. जुनीचे टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे, १४ इंची चाकं, साइडवॉल चांगली जाड, बॉडी पण नवीएवढी ताठ नाही, त्यामुळे वळणावर गाडी आधी थोडी कलते, मग टायरवर वजन बसतं, मग स्टेअरिंग जड होतं, आणि पकड संपत आली की ते हलकं व्हायला लागतं, आणि हे सगळं एकेक करून, वेळ देऊन, हाताला कळत राहतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, पॉवर स्टेअरिंग आहे तरी रस्त्यावरची खडी, डांबराचा जोड, ओली पानं, सगळं हातात येतं. तुम्ही वेगमर्यादा मोडायच्या जवळपासही नसता, मागून येणारा डिलिव्हरी व्हॅनवाला सुद्धा आरामात तुमच्या मागे टिकून असतो, पण तुमचं डोकं, हात, पाय सगळं कामाला लागलेलं असतं.

गिअर तर विचारूच नका. लिव्हर मनगटाएवढ्या हालचालीत पडतं, खटक खटक, थेट लोखंडाला हात लावल्यासारखं. थंडीत पहिले काही मिनिटं सेकंड गिअर कुरकुरतो, ते ह्या गिअरबॉक्सचं सगळ्यांच्याच गाडीत असतं, ऑइल गरम होईपर्यंत घाई करायची नाही. आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, ती दोघांना घट्ट जोडते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की मधे कुठे ढिलेपणा जाणवत नाही, मागची चाकं लगेच उत्तर देतात. ही चौकट एनडीत पण आहे, बरं का. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दोघीत आहे. मूळ विचार एकच, तीस वर्षं हलला नाही.

नवीत बसलं की पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं की सगळंच घट्ट आहे. बॉडी ताठ, ब्रेक जबरदस्त, छप्पर एका हाताने सिग्नलला उभं असताना मागे टाकता येतं, तर जुनीला दोन्ही खटके सोडायचे, मागची प्लास्टिकची खिडकी आधी चेन उघडून खाली पाडायची, नाहीतर दुमडताना तिला चीर जाते, आणि थंडीत तर ते प्लास्टिक इतकं कडक होतं की हात लावायची भीती वाटते. नवीचं इंजिन मला जुन्यापेक्षा जास्त आवडतं, हे लिहिल्यावर एनएवाले माझ्यावर चिडतील पण खरं तेच लिहितो. १.५ लिटरचं हे इंजिन ७००० आरपीएमला पूर्ण ताकद देतं आणि तिथपर्यंत ते इतकं मोकळं, इतकं गोड चढतं की गिअर बदलायला मन होत नाही. जुनं १.६ बिचारं कष्टाळू आहे, इमानदार आहे, पण ६००० च्या पुढे त्याला आवडत नाही हे ऐकू येतं.

स्टेअरिंगमध्ये मात्र नवी हरते. एनडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, एमएक्स-५ मध्ये ते पहिल्यांदा ह्याच पिढीत आलं. अचूक आहे, जलद आहे, जिथे बघाल तिथे नाक जातं, पण रस्ता हाताला लागत नाही. बाकी सगळं सीटमधून कळतं, कमरेतून कळतं, एनडी सुरुवातीला चांगली कलते सुद्धा, आणि ते माझदाने मुद्दाम ठेवलंय कारण कलण्यातूनच वजन कुठे गेलं ते समजतं, पण हातात जी बातमी यायला हवी ती गाळून येते.

तर माझं म्हणणं असं, की मजा जुनीत आहे आणि नवीत नाही हे खोटं आहे. मजा दोन्हीत आहे, फक्त नवीत ती वेगाच्या वरच्या मजल्यावर गेलीय. आणि इथे प्रश्न रस्त्याचा येतो. बक्स्टन ते मॅकल्सफिल्डचा ए५३७, ज्याला सगळे कॅट अँड फिडल म्हणतात, त्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, आणि ते योग्यच आहे, त्या रस्त्यावर फार मोटरसायकलवाल्यांचे जीव गेलेत. त्या ५० मैलांत एनएला भरपूर काम असतं. एनडीला थोडं कमी. आणि बाजारात ज्या मोठ्या ताकदीच्या स्पोर्ट्स कार आहेत त्यांना तर ५० मैलांत काहीच काम नसतं, ड्रायव्हर नुसता बसून असतो. म्हणूनच लोक मला विचारतात की १.५ का घेतली, २.० का नाही, त्यात २०१८ पासून १८४ पीएस आहे, साडेसहा सेकंदात शंभर होते, तर माझं उत्तर हेच. २.० चांगलीच आहे, ज्याला ट्रॅकवर जायचंय त्याने जरूर घ्यावी. मला थर्ड गिअर पूर्ण पिळून काढता आला पाहिजे आणि लायसन पण शाबूत राहिलं पाहिजे.

आता सांभाळण्याबद्दल, कारण खरा फरक इथे आहे.

एनडीबद्दल लिहायला काहीच नाही. वर्षातून एकदा सर्व्हिस, ऑइल, फिल्टर, संपलं. टायमिंगला चेन आहे, बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही. पावसात थेंब आत येत नाही. हिला ग्लोव्ह बॉक्स नाही आणि स्टेपनी पण नाही, पंक्चर झालं तर सीलंटची बाटली, हे मात्र मला पटत नाही.

एनएबद्दल लिहायला लागलो तर रात्र पुरणार नाही. तिचा शत्रू एकच, गंज. छप्पर जिथे दुमडतं तिथे सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं आहेत, त्यात पानं आणि मऊ छपराचा चुरा अडकतो, मग पाणी खाली न जाता दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं, वरून रंग शाबूत आणि आत पोकळ. मागच्या चाकाच्या अगदी पुढचा जो भाग आहे तिथे पहिला फुगा दिसतो, आणि फुगा दिसला म्हणजे आत बरंच काही झालेलं असतं. माझ्या गाडीला आधीच्या मालकाच्या काळात कुठल्यातरी गॅरेजने गंजलेल्या पत्र्यावरच नवीन पत्रा चिकटवून वरून फिलर, म्हणजे पुट्टी, मारला होता, ते सगळं कापून काढून नवीन सिल वेल्ड करून घ्यावे लागले आणि तो खर्च इंजिनच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त झाला. तेव्हापासून भोकं साफ करणं हे माझं नेमाचं काम, एक लवचिक वायर घालायची आणि मग कोमट पाणी ओतून ते चाकाच्या पुढे खाली पडतं का बघायचं.

बाकी इंजिन अमर आहे म्हटलं तरी चालेल. टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा. थंड इंजिन चालू केलं की वरून टिकटिक ऐकू येते, ते व्हॉल्व्ह उघडणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, ऑइल वेळेवर आणि चांगलं घातलं की कमी होते. इंजिनच्या मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची रबराची ओ-रिंग कडक होते आणि तिथून ऑइल गळतं, रिंग चार पैशांची असते पण हात घालायला जागा नसते, मनगट सोलून निघतं. पण हे सगळं मी माझ्या हाताने, साध्या पान्यांनी, घरासमोर केलेलं आहे, आणि ह्याच्यामुळे गाडी चालवताना कुठला आवाज कुठून येतोय हे मला माहीत असतं. माझे बाबा मेकॅनिक नव्हते पण त्यांची बजाज स्कूटर ते रविवारी अंगणात सगळी उघडायचे, ते इथे आले होते तेव्हा बॉनेट उघडल्याबरोबर म्हणाले “अरे, हे सगळं दिसतंय की!” आणि मग आम्ही दोघांनी मिळून तिचे प्लग बदलले. एनडीचं बॉनेट उघडलं तर त्यांनी बघून परत लावून टाकलं.

पार्ट मिळतात. हे फार मोठं सुख आहे. माझदाने २०१७ मध्ये जाहीर केलं की एनएचे पार्ट ते परत बनवणार, जपानमध्ये गाडी पूर्ण रिस्टोअर करून द्यायची सोय पण सुरू केली, कापडी छप्पर, नार्डीचं लाकडी स्टेअरिंग, एवढंच काय तर ब्रिजस्टोनकडून त्या काळच्या डिझाइनचा १४ इंची टायर पुन्हा बनवून घेतला. तीस वर्षं जुन्या, स्वस्तातल्या गाडीसाठी असं कोण करतं? ह्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. मुलगी शेजारी बसणार असेल तर नवी गाडी. माझ्या एनएला एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आजच्या रस्त्यावर आजूबाजूला दोन दोन टनाच्या एसयूव्ही फिरत असतात, त्यांच्या दाराच्या खिडकीखाली आमचं डोकं येतं. एनडी काही रणगाडा नाही, युरो एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार आहेत, पाच नाहीत, पण एअरबॅग आहेत, स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, बॉडी मजबूत आहे. मुलीला मात्र जुनीच आवडते, कारण तिचे डोळे उघडतात. पॉप-अप हेडलाइट. दिवे न लावता नुसते वर करायचं वेगळं बटन आहे, ते दाबलं की रस्त्यावरची अनोळखी पोरं सुद्धा हात हलवतात. १९९८ ला एनबी आली तेव्हापासून हे बंद झालं, आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम बघता परत येणार नाही.

लंडनला जायचं तरी नवीच. गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं असलं तर जुनी गाडी युलेझच्या, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राच्या, नियमात बसत नाही, दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, ऑगस्ट २०२३ पासून तर लंडनचे सगळे बरो त्यात आले. आत्ताच्या नियमाप्रमाणे चाळीस वर्षं झाली की गाडी ऐतिहासिक धरली जाते, मग रोड टॅक्स पण नाही आणि युलेझ पण नाही, म्हणजे माझ्या १९९१ वालीसाठी एप्रिल २०३२. तोवर ती आमच्या डर्बीशरच्या डोंगरात सुखी आहे.

ज्यांना एकच घ्यायचीय, रोज वापरायचीय, बाहेर उभी राहणार आहे, त्यांनी एनडी १.५ घ्या, शक्यतो २०१८ च्या शेवटी आलेली सुधारित, कारण तिथपासून स्टेअरिंग पुढेमागे पण सरकवता येतं, उंच माणसाला त्याने फार फरक पडतो. घरात दुसरी गाडी आहे, गॅरेज आहे, हात काळे करायची हौस आहे, त्यांनी एनए घ्या आणि लवकर घ्या, चांगल्या गाड्या वर्षागणिक कमीच होत चालल्यात.

एनए बघायला जाताना तीन गोष्टी. इथली १.६ असेल तर वर्ष नीट विचारा, कारण १९९५ पासून इथे विकलेल्या १.६ ची ताकद कमी करून ९० पीएसच्या आसपास आणली होती, दिसायला सारखीच दिसते. दुसरं, सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं आणि पुलीची चावी सैल होऊन क्रँक खराब व्हायचा धोका असतो, म्हणून पुढून टॉर्च मारून पुलीच्या खाचा मोजा, चार असल्या तर आखूड नाक आणि आठ असल्या तर नंतरचं सुधारलेलं, माझ्या गाडीला आठ आहेत. तिसरं, खिशात एक छोटं लोहचुंबक घेऊन जा, पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि मागच्या चाकांच्या पुढे सिलवरून सावकाश फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, फिलर आहे. मालक कितीही गोड बोलत असला, चहा पाजत असला, तरी नमस्कार करून निघा आणि पुढची गाडी बघा.